सबुरीचा लेप

"मॅडम, उकरून बघू का?" निवृत्त तलाठी खरातांनी विचारलं आणि वर्गातल्या तीस-पस्तीस माणसांना हसू फुटलं.

"बघा की," ऋतुजा म्हणाली. "मागच्या रविवारी पण तुम्हीच उकरलं होतं. त्या बियांना आता तुमचं बोट ओळखीचं झालं असेल."

जालन्यात बियाण्याच्या कंपन्यांना तोटा नाही. पण गॅलरीत, गच्चीवर, खिडकीच्या कठड्यावर आयुष्यात पहिल्यांदा काही पेरणाऱ्या माणसांसाठी दर रविवारी फुकट वर्ग घेणारी कंपनी एकच होती, आणि तिथली बीजशास्त्रज्ञ म्हणजे ही डॉ. ऋतुजा डोईफोडे. मटकीला एका रात्रीत मोड आणणाऱ्या बाईला कुंडीत मेथी का उगवता येत नाही, या एका प्रश्नावर तिने आयुष्याची बारा वर्षं घालवली होती. नवशिक्याच्या हातून बी तीन कारणांनी मरतं, असं ती सांगे: माया, घाई आणि पुन्हा माया. माया म्हणजे पाणी. बी पेरलं की माणसाला वाटतं, बिचारं तहानलं असेल. मग सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर. चौथ्या दिवशी बी कुजतं आणि माणूस म्हणतो, आपल्या हातालाच गुण नाही.

तिने टेबलावर दोन काचेचे वाडगे ठेवले. दोन्हींत मेथी, दोन्ही आठ दिवस पाण्यात बुडवलेली. पहिल्यावरची झाकणी काढताच पुढच्या रांगेतल्यांनी नाकाला रुमाल लावले. दुसऱ्यातली मेथी मात्र कालच वाण्याकडून आणल्यासारखी कोरडी ठाक दिसत होती.

"ही मेली का?" खरातांनी विचारलं.

"नाही. ही थांबलीय. यातल्याच पन्नास बिया चार दिवसांपूर्वी मी पाण्यातून काढून त्या खिडकीत पेरल्या. बघा."

खिडकीतल्या कुंडीत पोपटी कोंब दाटीवाटीने उभे होते. मग तिने समजावून सांगितलं. दुसऱ्या वाडग्यातल्या बियांवर एक पातळ लेप असतो, नखापेक्षा पातळ. कंपनीने त्याला 'सबुरी' असं नाव दिलंय. तो पाणी आत शिरू देण्याआधी तीन गोष्टी तपासतो. उजेड आहे का? मातीत हवा खेळती आहे का, की नुसता चिखल आहे? दिवसा ऊब आणि रात्री गारवा असा फरक पडतोय का? तिन्हींचं उत्तर 'हो' आलं तरच लेप तडकतो आणि बी पाणी पितं. नाहीतर ते महिनोन् महिने गप्प बसून राहतं. त्याला ना चिखल कुजवू शकत, ना आपली माया.

"माणसाला नाही जमली ती सबुरी बीला दिली म्हणा," मागून कोणीतरी म्हणालं.

"अगदी तसंच," ऋतुजा म्हणाली. तिला ते वाक्य फार आवडलं. पुढे ते जाहिरातीतही आलं.

वर्ग संपता संपता एका बाईने विचारलं, "मॅडम, तुमची ती घटपुडी आलीय ना बाजारात? ती घटाला चालेल ना?"

"न चालायला काय झालं?" ऋतुजा म्हणाली आणि वाडगे आवरायला लागली.

घटपुडी ही कंपनीची त्या वर्षीची नवी कल्पना. किडे लागू नयेत म्हणून दुकानातल्या धान्यावर हल्ली किरणांचा मारा करतात. ते दळायला छान, पण त्याला कोंब येत नाहीत. त्यामुळे नवरात्रात घटाच्या मातीत काय पेरायचं, ही शहरातल्या बायकांपुढची खरीच अडचण होती. कंपनीने सात धान्यं निवडली, त्यांना सबुरीचा लेप दिला आणि देवीचं चित्र छापलेल्या पुड्या केल्या. चाचणीच्या कागदावर ऋतुजाने स्वतः सही केली होती. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दाणे उगवले होते. मोठ्या दिव्यांखाली, मोजून दिलेल्या पाण्यावर, हवेशीर मातीत.

तिच्या प्रयोगशाळेत अकरा माणसं होती. अकराही जणांच्या घरी घट बसायचा. लहानपणापासून त्यांनी तो पाहिलेला, नवव्या दिवशी त्याचे पिवळट तुरे टोपीत खोवून मिरवलेले. पण पाणी घालायचं काम आईचं, आजीचं, नाहीतर बायकोचं. घट कुठे बसतो आणि त्याचं नऊ दिवस काय होतं, हे त्या अकरांपैकी एकालाही आठवलं नाही. ऋतुजालाही नाही, आणि ती तर त्या चाचणीची प्रमुख होती. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं. घरातलं डोळ्यांदेखत घडलेलं त्यांना शास्त्रात धरताच येत नाही.

पहिली माळ चढली. दुसरी चढली. रोजची एक माळ घटावर लटकत गेली आणि खालची माती तशीच काळी राहिली. तिसऱ्या माळेला कंपनीच्या मदतवाहिनीवर नऊशे तक्रारी आल्या. चौथ्या माळेच्या दुपारपर्यंत अकरा हजार.

ऋतुजा स्वतः फोन घ्यायला बसली. अंबडची एक बाई रडकुंडीला येऊन सांगत होती. "सगळं नियमानं केलंय हो. देवघरात अंधार असतो म्हणून दिवा तर अखंड आहे. घटाच्या मडक्यातून पाणी झिरपतंच, वरून मी रोज आंघोळ झाल्यावर ओंजळभर घालते. तरी एक कोंब नाही. आमच्यात कधी असं झालं नव्हतं."

ऋतुजाचा हात थांबला. देवघर म्हणजे उजेड नाही. मडकं झिरपतंय, वरून ओंजळ, म्हणजे मातीत हवा नाही. आणि शेजारी अखंड दिवा. दिवसा जेवढी ऊब तेवढीच रात्री. तिच्या लेपाचे तिन्ही प्रश्न आणि तिन्हींचं उत्तर 'नाही'. घटपुडी घेतलेल्या चार लाख घरांत तिच्या बिया शहाण्यासारख्या गप्प बसल्या होत्या.

ती थेट मंडलिक साहेबांकडे गेली. मंडलिक कंपनीचे संचालक. माणूस वाईट नव्हता, नुसता हुशार होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लेपात खोट आहे असं आज जाहीर केलं," ते म्हणाले, "तर घटवालेच नाही, गॅलरीवालेही माल परत करतील. दसरा होऊ दे. मग नीट सांगू."

"सर, घट उगवला नाही की घरात पाणी घालणाऱ्या बाईवर काय येतं, माहितीय ना तुम्हाला?"

"म्हणून तर काहीतरी सांगायलाच हवं. पाणी जास्त झालं तर बी उगवत नाही. हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. तिने चार ओळी लिहिल्या. 'घटाला गरजेपेक्षा जास्त पाणी झाल्यास बी उगवत नाही. बियाणे उत्तम प्रतीचे आहे. पाणी घालणाऱ्याने हात आखडता ठेवावा. देवीची कृपा सर्वांवर राहो.' खाली तिचं नाव घातलं, कारण नवशिक्यांचा तिच्यावर विश्वास होता. त्या संध्याकाळी चार लाख फोनवर तो निरोप गेला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि इतकं लबाड तिने आयुष्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं.

पाचव्या माळेला सकाळी तन्वीचा फोन आला.

तन्वी तिची धाकटी बहीण. सेलूला दिलेली. सासूबाई सुवर्णाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, नवरा ओंकार सौर पंपांच्या कंपनीत. घर चांगलं होतं. तन्वीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेले तेव्हा याच सासूने तिला दोन-दोन महिने पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, अकरावा आठवडा चालू होता. म्हणून यंदा घटाला पाणी घालायचा मान सुवर्णाताईंनी मोठ्या हौसेने सुनेला दिला होता.

"ताई, काहीच उगवलं नाही गं," तन्वी दबक्या आवाजात म्हणाली. "आई काही बोलल्या नाहीत. पण काल तुझा तो निरोप आला. त्यांनी तो मला वाचून दाखवला. दोनदा."

"तन्वी, ऐक. तुझी काही चूक नाही. लेपच तसा आहे. देवघरात तो उघडणारच नाही."

"मग तू तसं लिहिलं का नाहीस?"

"दसऱ्यानंतर सांगणार आहोत," ती म्हणाली.

मग तन्वी म्हणाली, "मी काय गावंढळ नाही, बीएस्सी झालीय, मला कळतं. पण सकाळी उठले की आधी घटाकडे बघते आणि मग पोटावर हात ठेवते. काहीतरी कर ना ताई. दोन तरी कोंब येऊ देत."

आणि ऋतुजाने बहिणीच्या मायेने तीच चूक केली जी ती दर रविवारी लोकांना करू नका म्हणून सांगे. घाई. तिने सांगितलं, लेप खरवडला की बी पाणी पितं. घरात पॉलिश पेपर असेलच. वरचे दाणे अलगद काढ, दोन कागदांच्या मधे चारदा फिरव, परत मातीत सार. गव्हाला दोन दिवस, ज्वारीला तीन. आठव्या माळेपर्यंत कोंब दिसतील.

घट एकदा बसला की नऊ दिवस त्याला हलवायचं नसतं, मातीला बोट लावायचं नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. दोघीही त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुपारी सुवर्णाताई देवीच्या आराधी गाण्यांना शेजारी गेल्या. तन्वी देवघरात बसली. उजवीकडची माती बोटांनी सैल करून तिने दाणे काढले, ओंकारच्या पेटीतल्या पॉलिश पेपरावर फिरवले, परत दाबले. अर्धा घट झाला होता. डाव्या बाजूला हात घातला आणि मागून आवाज आला.

"तन्वी! घटात हात घातलास?"

सुवर्णाताईंनी आरडाओरडा केला नाही. त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. ते पाहून तन्वीला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी फोनवरून गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, क्षमा मागा, माती पुन्हा नीट दाबा, आणि बाकीच्या माळा ज्यांनी हात लावला नाही त्यांनीच चढवाव्यात. त्या संध्याकाळपासून तन्वीला देवघराचा उंबरा बंद झाला.

सहाव्या माळेला ऋतुजा गाडी काढून सेलूला पोचली. सुवर्णाताईंनी पाणी दिलं, चहा ठेवला, तब्येत विचारली. रीत सोडणारी बाई नव्हती ती.

"काकू, हिनं केलं ते मी सांगितलं म्हणून केलं," ऋतुजा म्हणाली. "घट हिच्यामुळे अडलेला नाही. माझ्या लेपामुळे अडलाय. चार लाख घरांत असंच झालंय."

"ऋतुजाताई, तुम्ही बहीण आहात. तुम्ही असंच म्हणणार." सुवर्णाताईंनी फोन पुढे धरला. "पण हे काय आहे? पाणी घालणाऱ्याने हात आखडता ठेवावा. खाली नाव कुणाचं आहे?"

"माझंच आहे. ते अर्धवट आहे."

"अर्धवट म्हणजे खोटं का?"

"खोटं नाही, पण..."

"मग? इथे म्हणता हात चुकला, घरी येऊन म्हणता लेप चुकला. बँकेत तेहेतीस वर्षं काढली मी. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले की आम्ही सहीचा कागद खरा धरायचो." त्यांनी फोन खाली ठेवला. "तुम्हाला वाटत असेल, ही सासू मागासलेली आहे. दोन वेळा मी हिला दवाखान्यातून हाताला धरून आणलंय. रिकामी. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. ज्याचं कारण सापडत नाही त्याचं माणसानं काय करायचं, ते तुमच्या शास्त्रात आहे का? मला या वेळेला काही कमी पडू द्यायचं नव्हतं, एवढंच."

ओंकार दारात उभा होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही कंपनीकडून तसं लेखी द्या ना. मग आईला सांगता येईल."

"दसऱ्यानंतर देता येईल," ऋतुजा म्हणाली. ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

"म्हणजे घट उठल्यावर," सुवर्णाताई म्हणाल्या. "तोवर हिला घेऊन जा माहेरी. हवापालट होईल." त्यांनी तन्वीच्या औषधांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या डब्यांत भरून दिल्या, वाटेत लागेल म्हणून दोन राजगिऱ्याचे लाडू दिले. फक्त निघताना सून पाया पडायला वाकली तेव्हा पाय जरासे मागे घेतले. वाकू नये म्हणून घेतले असतील. तन्वीने तसं धरलं नाही.

आठव्या माळेला सकाळी ऋतुजाच्या घरी तन्वी चहा पीत बसली होती आणि तिच्या फोनवर एक फोटो आला. सेलूचा घट. मडक्याच्या उजव्या अंगाला गव्हाचे पिवळट तुरे, पेर-पेर उंच. खाली सासूबाईंनी लिहिलं होतं: 'देवी पावली. तू निश्चिंत राहा. बाळंत होईपर्यंत तिकडेच राहिलीस तर बरं, असं गुरुजींचंही मत आहे. इथल्या घटाला मीच पाणी घालते आहे.'

ऋतुजाने तो फोटो मोठा करून पाहिला. उजवी बाजू गच्च उगवलेली, डावी बाजू ठार काळी, आणि मधे सुरीने कापावी तशी सरळ रेघ. तन्वीचा हात तिथवरच पोचला होता. एकच माती, एकच पाणी, एकच अंधार, आणि फरक फक्त खरवडलेल्या लेपाचा. प्रयोगशाळेत याहून स्वच्छ पुरावा तिला कधी मिळाला नव्हता. तो सेलूच्या घरातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे होता आणि त्यांना त्यात एवढंच दिसलं होतं, की सून घराबाहेर गेली आणि देवी पावली.

तिने ओंकारला फोन लावला. अर्ध्या घटाचं सगळं समजावून सांगितलं. तो 'हं, हं' करत राहिला.

"मला पटतंय ताई," तो शेवटी म्हणाला. "पण आई सकाळपासून रडतेय, आनंदानं. आता तिला काय सांगू? आणि खरं सांगू का? बाळासाठी म्हणून मलाही वाटतंय, राहू दे तिकडे. उगाच कशाला विषाची परीक्षा."

मग मात्र ऋतुजाने मंडलिकांना विचारलं नाही. तो फोटो घेऊन तिने सगळं लिहिलं. लेपाचे तीन प्रश्न, देवघर, अखंड दिवा, अंधारात न केलेली चाचणी, स्वतःची सही, आणि चौथ्या माळेचा तो निरोप, ज्यात तिने अर्धं खरं सांगून उरलेलं लपवलं होतं. मदतवाहिनीच्या खात्यावरून तिने ते चार लाख लोकांना पाठवून दिलं. कंपनीतून फोन येत राहिले, तिने घेतले नाहीत. नोकरीचं काय होणार ते तिला कळलं होतं. त्याचं तिला या घडीला फारसं काही वाटत नव्हतं.

ती उत्तरं वाचत बसली. काहींनी शिव्या दिल्या होत्या, काहींनी आभार मानले होते. परतूरच्या एका बाईने लिहिलं होतं, 'सुनेला परवाच बोलले. आता शब्द कसे परत घेऊ?' खरातांनी लिहिलं होतं, 'मॅडम, आमच्या हिने तीन दिवसांपासून अन्न सोडलंय. हे तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं.' बऱ्याच जणांनी काहीच लिहिलं नव्हतं. त्यांच्या घरात कुणाचा हात वाईट ते एव्हाना ठरून गेलं होतं, आणि घरात एकदा ठरलेलं फोनवरच्या निरोपाने बदलत नाही.

सुवर्णाताईंनीही तो वाचला असावा. त्यांच्याकडून काही आलं नाही.

तन्वीने सगळं वाचून फोन खाली ठेवला. सकाळपासून ती रडली नव्हती. गॅलरीत ऋतुजाच्या कुंड्या होत्या, त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "माझ्याच हातानं उगवलं ना गं ते?"

"तुझ्याच हातानं."

"मला माहितीय. पॉलिश पेपर मीच घासलाय. तरी तो फोटो बघितल्यावर पहिला विचार काय आला, सांगू? वाटलं, बरं झालं मी तिथून निघाले."

ऋतुजाने तिचा हात धरला. तन्वीने हात सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

"ताई, एक विचारू?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "आधीच्या दोन वेळेला डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही. मी किती वर्षं म्हणत राहिले, माझंच काहीतरी चुकलं असणार. त्याचंही कारण कुणाला तरी माहीत असेल का गं? माहीत असून, दसरा होऊ दे म्हणून कुणीतरी गप्प बसलं असेल का?"